हात धुऊन मागे

“...म्हणजे हात बांधून?” अप्पांनी विचारलं.

“मऊ पट्ट्यांनी,” नीलांबिका म्हणाली. “मनगटावर वळसुद्धा उठत नाही.”

“वळाचं नाही विचारलं मी.”

मी दाराशी शेंगा फोडत होतो. खरं म्हणजे ऐकत होतो, शेंगा हातात होत्या इतकंच.

अप्पा आमच्या मठाचे स्वामी. मठ शहराच्या कडेला, रिंगरोडच्या पलीकडे. येईल त्याला दुपारी पंगतीत जेवण मिळतं, त्याला आम्ही दासोह म्हणतो. नीलांबिका म्हणजे खानापुरे मास्तरांची मुलगी. लहानपणी दर सोमवारी वडिलांचं बोट धरून यायची आणि खिरीतला गूळ कमी पडला की तोंड वाकडं करायची. आता शहरातली मनाच्या आजारांची मोठी डॉक्टर आहे. आधी तिच्या गाडीचा हॉर्न येतो, मग ती येते.

त्या दिवशी मात्र हॉर्न न वाजवता आली होती.

“पोरीचं नाव काय?”

“शर्वरी. चोवीस वर्षांची आहे.”

“आणि जेवत नाही.”

“दोन वर्षं झाली, अप्पा. अर्धी पोळी खाल्ली तरी डोंगर गिळल्यासारखं रडते. हाडं दिसतात आणि म्हणते, जाड झालेय. गेल्या वर्षी अशीच शेवटाला आली होती. तेव्हा मी नाकातून नळी घालून पोटात अन्न सोडलं. जबरदस्तीनं. ती वाचली.”

“मग?”

“मग आता पुन्हा तिथंच. हृदय मंदावलंय. ती नळी नको म्हणते. आज तीनपर्यंत मला ठरवायचंय. घातली तर तिच्या मनाविरुद्ध, नाही घातली तर...”



“उपास मीसुद्धा केलेत,” अप्पा म्हणाले. “तरुणपणी अख्खा श्रावण नुसत्या ताकावर काढला. लोक पाया पडायला यायचे. नळी घेऊन कुणी आलं नाही.”

मी मनात म्हटलं, झालं! अप्पांनी पोरीची बाजू घेतली.

पण नीलांबिका लगेच म्हणाली, “श्रावण संपल्यावर तुम्ही जेवलात. तिचा श्रावण संपतच नाही.”

अप्पांनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत अशी चमक मी फार क्वचित पाहिलीय. एखाद्यानं नवी बी दाखवावी आणि शेतकऱ्यानं ती हातात घेऊन फिरवावी, तसे ते बघत होते.

“हे मला सुचलं नसतं,” ते म्हणाले. “बरं, तिला मरायचंय का?”

“नाही ना! तिथंच तर सगळं अडलंय. नर्सला ‘मला जगायचंय’ म्हणते. पण जेवायचं नाही.”

“दोन्ही?”

“दोन्ही. एका दमात.”

“अरे वा...” अप्पा पुढे सरकले. “मग ‘जेवायचं नाही’ हे कोण म्हणतं?”

“आजार म्हणतो. उपासमारीनं मेंदूसुद्धा सुकतो, अप्पा. तो तिचा आवाज नाहीच.”

“आणि ‘जगायचंय’ कोण म्हणतं?”

“ती.”

“म्हणजे तुला पटेल ते बोलली की ती, आणि नाही पटलं की आजार.” अप्पा हसले. “सोईचं आहे बाई तुझं!”

नीलांबिकेचा चेहरा उतरला. मला हसू आलं, मी ते शेंगांत लपवलं.

“चेष्टा करू नका, अप्पा. मी पंधरा वर्षं हे करतेय. काही मुली नंतर येतात, हात धरून सांगतात, डॉक्टर, तेव्हा तुम्ही ऐकलं नाहीत म्हणून आज मी आहे.”

“काही?”

“...काही.”

“बाकीच्या?”

“काही परत तोंड दाखवत नाहीत. एक-दोघी गेल्याच. नळी घालूनही गेल्या.”

“आणि तू ऐकलंस तर? नको म्हणते, तर नको?”

“तर मरेल. लोक म्हणतील, तिच्या इच्छेचा मान राखला. मोठा शब्द आहे, ऐकायला छान वाटतो. पण मला ठाऊक असेल की मी नुसती बघत बसले.”

बाहेर कुणीतरी चुलीत लाकूड सारलं. आमटीचा वास आला. माझ्या पोटात कावळे ओरडत होते आणि इथं गप्पा उपासाच्या!

“मग माझ्याकडे कशाला आलीस?” अप्पांनी विचारलं. “कायदा काय म्हणतो?”

“जीव धोक्यात असेल आणि पेशंटला नीट ठरवता येत नसेल तर चालतं.”

“आईबाप?”

“हात जोडून सांगतायत, घाला.”

“तुमचे मोठे डॉक्टर?”

“तेही म्हणतात, घाला.”

“सगळे घाला म्हणतात. मग?”

नीलांबिकेनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. अगदी लहानपणी फ्रॉकचं गुंडाळायची तसं.

“मला वाटलं, तुम्हीही म्हणाल.”

“काय?”

“की मी गेल्या वर्षी केलं ते बरोबर होतं.”

अप्पा तिच्या बोटाकडे बघत होते.

मग तिनंच सांगितलं. “नळी घातल्यापासून ती माझ्याशी बोललेली नाही. वर्षभर तपासणीला यायची, आईकडे बघून उत्तरं द्यायची. नळी घातली त्याच दिवशी एक वाक्य बोलली, ते शेवटचं.”

“काय बोलली?”

“‘डॉक्टर, तुम्ही हात धुऊन माझ्या मागे लागलात.’”

मी म्हटलं, “आपण म्हणतोच की तसं. मुनीम हात धुऊन मागे लागला, सासू हात धुऊन मागे लागली. रागानं बोलली असेल.”

“मलाही तसंच वाटलं, काका.”

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मला ठाऊक आहे. संगाप्पा, तोंड आवर.

“ती हे बोलली तेव्हा तू काय करत होतीस?” त्यांनी विचारलं.

“मी? काही नाही. नळी बसली होती, अन्न सुरू केलं होतं. मी कोपऱ्यात...”

ती थांबली.

“कोपऱ्यात काय?”

“...बेसिनशी हात धूत होते.”

अप्पांनी मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, ते सांगता येणार नाही.

“नळीतून एकदम सगळं ओततात का गं?” त्यांनी विचारलं. आवाज पुन्हा साधा, चौकस.

“छे! फार दिवसांच्या उपाशी माणसाला एकदम घातलं तर त्यानंही जीव जातो. थेंब थेंब सोडावं लागतं. तासन्‌तास चालतं.”

“तोवर तू कुठं असतेस?”

“दुसरे पेशंट असतात, अप्पा. नर्स असते तिथं. दाराशी उभी राहून लक्ष ठेवते.”

“उभी राहून...” अप्पा म्हणाले.

तेवढ्यात घंटा झाली.

“चल, जेवून घे,” ते उठत म्हणाले.

“अप्पा, मला वेळ नाही. तीनला...”

“बारा वाजलेत. पाच मिनिटांत जेवशील. तुला लहानपणापासून घाई आहे.”

पंगत त्या दिवशी छोटीच होती. चारपाच वाटसरू, अप्पा आणि त्यांच्या शेजारी नीलांबिका. वाढायला मी. भाकरी, येसराची आमटी, शेंगांची चटणी आणि गव्हाची खीर. खिरीत गूळ पुरेसा होता, मी स्वतः बघितला होता.

आमच्या मठाची एक रीत आहे, ती सांगायला हवी. पंगतीतल्या शेवटच्या माणसाचं ताट रिकामं होईपर्यंत कुणी उठायचं नाही आणि हात धुवायचा नाही. नव्या माणसाला याचा वैताग येतो. मला इतकी वर्षं झाली, अजून येतो. अप्पांना कारण विचारलं तर म्हणतात, “उठलेल्या माणसांकडे बघत जेवायला कुणाला आवडतं रे?”

नीलांबिकेचं ताट खरंच पाच मिनिटांत साफ झालं. वाटसरूंचंही झालं. अप्पा एरवी सगळ्यांत आधी संपवतात, एक भाकरी म्हणजे त्यांचं पूर्ण जेवण. पण त्या दिवशी म्हाताऱ्यानं भाकरीचे शेंगदाण्याएवढे तुकडे केले आणि एकेक उचलून बघत बसला. मी आमटीचं भांडं घेऊन उभा. वाढणारा शेवटी जेवतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही.

नीलांबिका घड्याळाकडे बघायची, मग अप्पांच्या ताटाकडे. पुन्हा घड्याळाकडे, पुन्हा ताटाकडे.

अप्पांनी डावा हात ताटावर आडवा धरला.

“काय झालं, अप्पा?”

“तू घास मोजतेस. गिळवत नाही मला.”

“नाही मोजत.”

“मोजतेस.”

तिनं मान फिरवली. हातावरची आमटी सुकत चालली होती. बोटं चिकट झाली की माणूस किती अवघडतो ते पंगतीतच बघावं.

“मग काय करू?”

“बोल काहीतरी.”

“काय बोलू?”

“जेवणाचं सोडून काहीही. त्या पोरीचं सांग. तिला काय आवडतं?”

“तिला दूध चालत नाही, तूप तर...”

“जेवणाचं सोडून म्हटलं.”

नीलांबिकेनं तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. एवढी मोठी डॉक्टर, सभेत तास तासभर बोलणारी, पण तिला एक वाक्य सापडेना. मला तिची दया आली. खरंच आली.

शेवटी ती म्हणाली, “कोळी.”

“काय?”

“गेल्या वर्षी, नळीच्या आधी, तिच्या खोलीत छताच्या कोपऱ्यात कोळी होता. ती सफाईवाल्या मावशींना म्हणाली, झाडू नका, त्याचं जाळं अर्धं झालंय. तिला किड्यामुंग्यांचं फार वेड. कॉलेजात त्याच विषयात पहिली आली होती. एकदा मला सांगत होती, कोळ्याची आठ पावलं... आणि जाळं जुनं झालं की तो ते स्वतःच खाऊन टाकतो आणि त्याच धाग्याचं नवं विणतो.”

“स्वतःचं जाळं खातो?” अप्पांचा हात ताटावरून कधी निघाला ते मला कळलंच नाही.

“सगळे नाही, काही जातींचे. आणि म्हणाली, जाळं विणताना त्याला दिसत नसतं म्हणे, पायानं चाचपतो. आंधळ्यासारखा.”

“असं? मग माशी अडकली ते कसं कळतं त्याला?”

“धागा हलतो. कोणता धागा हलला त्यावरून कळतं. वाऱ्यानं हलला की माशीनं, तेही कळतं.”

“शाबास! संगाप्पा, ऐकलंस का? आपण गेल्या आठवड्यात गाभाऱ्यातली जळमटं काढली ना रे!”

“तुम्हीच काढायला लावलीत,” मी म्हणालो.

“पुढं काय झालं त्या कोळ्याचं?”

नीलांबिका खाली बघायला लागली.

“मी झाडायला लावला. वॉर्ड आहे, अप्पा. स्वच्छता लागते.”

मग तिचं लक्ष अप्पांच्या ताटाकडे गेलं. भाकरी संपली होती. खिरीची वाटी तेवढी राहिली होती.

ती एकदम चिडली.

“कळलं मला तुम्ही काय दाखवताय ते! पण तुम्ही आजारी नाही आहात. कोळ्याच्या गोष्टी सांगून तिच्या घशाखाली घास उतरत नाही. मी बसलेय तिच्यापाशी, गोडीनं सांगितलंय, रडलेयसुद्धा. नाही उतरत!”

“नाहीच उतरणार,” अप्पा शांतपणे म्हणाले. “तसं असतं तर नळी कशाला केली असती कुणी?”

तिला हे अपेक्षित नव्हतं. मलाही नव्हतं.

इतक्यात तिच्या पर्समध्ये फोन वाजला. तिचा उजवा हात खरकटा, डावा पर्सच्या साखळीत अडकलेला. “काका, घ्या ना!” मी आमटीचं भांडं ठेवलं, फोन काढला आणि तिच्या कानाशी धरला. पलीकडच्या नर्सचा आवाज इतका मोठा होता की मलाही सगळं ऐकू आलं.

“मॅडम, पल्स आणखी खाली गेलाय. तीनपर्यंत थांबता येईल असं वाटत नाही. सर म्हणतायत नळी घालून टाकू. ती नको म्हणतेय. हात धरायला दोघांना बोलावलंय.”

“पट्ट्या बांधल्यात?”

“अजून नाही. बांधू?”

नीलांबिकेनं डोळे मिटले. कोण कुठली पोर, मी तिला पाहिलेलंही नाही, पण मी फोन दोन्ही हातांनी धरला.

“आणखी काय म्हणतेय ती?”

“काही नाही, मॅडम... विचारतेय, तुम्ही येणार का म्हणून.”

“रागानं विचारतेय?”

“कळत नाही, मॅडम. नुसतं विचारतेय. दोनदा विचारलं.”

वर्षभर न बोललेली पोर! नीलांबिकेच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि पुसायला तिला मोकळा हात नव्हता.

“मी निघाले. वीस मिनिटांत पोचते. तोवर कुणी बांधू नका. तिला सांगा, मी येतेय. आणि हेही सांगा...” ती थांबली. “सांगा की मी नळी घालणार आहे. खोटं नका बोलू तिच्याशी.”

मी फोन बंद केला.

अप्पांची खीर तशीच होती. मला त्यांचा राग आला. तिकडे जीव जातोय आणि इकडे यांची रीत!

“अप्पा, मला उठायला हवं,” ती म्हणाली.

“उठ की.”

“तुमचं झालं नाही.”

“मग काय झालं? हात का बांधलेत तुझे?”

ती उठली. वाटसरू बसूनच राहिले. दोन पावलं जाऊन ती वळली.

“मी घालणार आहे, अप्पा. ती नको म्हणाली तरी. ती मरत असताना मला बघत बसवत नाही.”

“घाल.”

“म्हणजे ते बरोबर आहे?”

“मला काय विचारतेस? वाचली की तिला विचार.”

“आणि ती चूक म्हणाली तर?”

“तर ऐकून घे.”

तिनं पर्सच्या साखळीतून डावा हात सोडवला. मग घाईघाईनं नळाकडे गेली. मी तोटी सोडली.

“नीला,” अप्पांनी हाक मारली. लहानपणीच्या नावानं. “तिचं जेवण होईपर्यंत हात धुऊ नकोस.”

पाणी वाहत होतं. तिचा हात धारेच्या वर अधांतरी राहिला. मला वाटलं, म्हातारा आता खरंच भलतं बोलतोय.

“अप्पा,” ती काकुळतीला येऊन म्हणाली, “आमच्याकडे हात धुतल्याशिवाय पेशंटला शिवतासुद्धा येत नाही.”

अप्पांनी खिरीची वाटी जवळ ओढली.

“आधी खुशाल धू, पोरी. मी नंतरचं बोलतोय.”